व्हिटलॉकसाहेबांचा वाडगा

पुढे लिहिलेलं सगळं खरं आहे. मी ब्याऐंशी वर्षांची आहे. या वयात कोणाला घाबरवण्यासाठी खोटं लिहिण्याची हौस मला उरलेली नाही.

भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की हे घडलं ते दुपारी चारच्या सुमारास. नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनमध्ये, २००५ सालच्या हिवाळ्यात. त्या देशात त्या दिवसांत चारलाच अंधारून येतं.

जिच्या बाबतीत घडलं ती मधुमती, माझ्या धाकट्या भावाची बायको.

माझा भाऊ पुरुषोत्तम त्या एप्रिलमध्ये पुण्यात वारला. एक्केचाळीस वर्षांचा संसार. ऑक्टोबरात लेकीने, निवेदिताने, आईला सहा महिन्यांसाठी आपल्याकडे नेलं. जावई अजय नोकरीला ब्रॅकनेलला; सोमवारी जायचा तो शुक्रवारी उगवायचा. निवेदिताचं काम प्राचीन भांड्यांचं. संग्रहालयांची, हौशी लोकांची खराब झालेली भांडी ती निगुतीने सुधारून द्यायची. घराच्या गॅरेजमध्येच तिने कामाची खोली थाटली होती.

मधुमती तिथे बसून असायची. रडत नव्हती. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची.

मात्र दुपारचे चार वाजले की छातीत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

पुरुषोत्तमने आयुष्यात कधी चहा मागितला नाही. चारला तो दोनदा खाकरायचा. ती आधण ठेवायची. एक्केचाळीस वर्षं.

आता चार वाजायचे... आणि कोणी खाकरत नसे.

बाकी सगळी बधिर झालेल्या त्या बाईत तेवढी एकच जागा दुखत होती.

नोव्हेंबरात व्हिटलॉक नावाचे एक निवृत्त शिक्षक एक वाडगा घेऊन आले. वाडगा बायझंटाइन काळातला, आठशे वर्षांपूर्वीचा. लाल मातीचा, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, टोकदार काडीने तो लेप खरवडून काढलेला एक पक्षी, आणि सगळ्यावर मधासारखी पिवळी चकाकी. माल घेऊन निघालेलं जहाज ग्रीसच्या किनाऱ्याजवळ बुडालं होतं. त्यांच्या आत्याने तो कुठल्याशा बेटावर पाणबुड्याकडून घेतलेला.

"हे बघ आई," निवेदिता म्हणाली, "कुठे सुरीचा ओरखडा नाही, चमच्याचा नाही. भट्टीतून निघाला तो थेट जहाजात, जहाजातून समुद्रात. यातून कोणी कधी जेवलेलंच नाही."

"आठशे वर्षांत?"

"एकदाही नाही."

समुद्रातल्या भांड्याच्या अंगात मीठ मुरतं. ते काढलं नाही तर फुलून बाहेर येतं आणि वरची चकाकी सोलून टाकतं. म्हणून वाडगा शुद्ध पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचा, पाणी बदलत राहायचं आणि यंत्राने क्षार मोजायचे. आकडा खाली आला की काम संपलं. तीन आठवड्यांत तो खाली आला. वाडगा वाळवून परत द्यायचा ठरला.

गुंडाळायचं काम मधुमतीकडे आलं. हात रिकामे राहू नयेत म्हणून लेकच तिला असली कामं द्यायची.

तिने मऊ कागद अंथरला. वाडगा उचलला. मग स्वयंपाकघरात जाऊन एक छोटी पुडी बांधून आणली आणि आत ठेवली.

"आई, काय आहे ते?"

"साखर."

"अगं, हा आठशे वर्षांचा वाडगा आहे. शेजारच्या काकूंचा डबा नाही."

"असू दे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत."

"माझं नाव घालवशील तू. काढ ती पुडी."

तेवढ्यात फोन वाजला, निवेदिता आत गेली. मधुमतीने खोक्याला चिकटपट्टी लावली. पुडी आतच राहिली.

त्या दुपारी तिने चहा केला. दोन चमचे साखर घातली. घोट घेतला...

गोड नव्हता.

आणखी एक चमचा घातला, मग आणखी एक. गूळ चाटून पाहिला. खडा दाताखाली फुटला, चिकटला, विरघळला. चव नव्हती.

म्हातारपण, असं तिने मनाशी म्हटलं. कोणाला बोलली नाही.

पंधरा दिवसांनी व्हिटलॉक परत आले. वाडग्यावर पांढरं मीठ फुललं होतं. निवेदिता ओशाळली, असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"आणि माझ्या आईने आत साखर ठेवली होती," ती म्हणाली. "माफ करा."

ते गृहस्थ गोंधळले. "साखर नव्हती. खोकं मीच उघडलं. आत फक्त ओला कागद होता."

ती वस्तू कोरडीठाक गुंडाळली होती. मधुमतीने स्वतःच्या हाताने.

वाडगा पुन्हा टबात गेला. निवेदिता दुपारी बाहेरच्या कामांना जायची. मधुमती गॅरेजमध्ये खुर्ची टाकून स्वेटर विणत बसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, चारच्या थोडं आधी, टबातून आवाज आला.

टक्.

नख भांड्याच्या तळावर आपटावं तसा.

ती थांबली. सुया मांडीवर ठेवल्या.

टक्... टक्.

आणि मग खरवडल्याचा बारीक आवाज. पानातलं संपल्यावर लेकरू बोटाने निपटून घेतं ना, तसा.

तिने वाकून पाहिलं. पाणी स्थिर होतं. वाडग्याच्या तळाशी तीन ठिपके होते. भट्टीत वाडगे एकावर एक रचताना मधे मातीची तिपाई ठेवत, तिचे ते डाग. बाकी काही नाही.

तिला भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "नाही हो वन्सं. भुकेलं आहे, एवढंच वाटलं."

डिसेंबरात वाडगा पुन्हा निघाला, तेव्हा तिने लेकीच्या नकळत मूठभर तांदूळ घातले.

त्या दिवसापासून तिची भूक गेली. अन्नाचा वीट आला असं नाही. भूक नावाची गोष्टच अंगातून नाहीशी झाली. घड्याळात एक वाजला की जेवायची, आठ वाजले की जेवायची. वजन उतरू लागलं. निवेदिताने डॉक्टरला दाखवलं, रक्त तपासलं. सगळं ठीक होतं.

जानेवारीत व्हिटलॉक तिसऱ्यांदा दारात उभे राहिले. वाडग्यावर पुन्हा मीठ. तांदळाचा एक दाणाही नव्हता.

आता मधुमतीला सगळं उमगलं. साखर दिली, गोडी गेली. तांदूळ दिले, भूक गेली. जे द्यावं ते तिकडचं कोणीतरी मुळासकट घेतं.

आणि जाताना काही दुखत नाही.

तिने मला पत्र पाठवलं, ते माझ्याकडे आहे. शेवटी लिहिलं आहे, "वन्सं, भांडं या महिन्यात पुन्हा परत जाईल. काय घालू? चार वाजतात तेव्हाचं आता सोसवत नाही."

पत्र माझ्या हाती पडलं फेब्रुवारीच्या तीन तारखेला. वाडगा गेला होता जानेवारीच्या तीसला.

मी फोन लावला तो निवेदिताने उचलला. तिचा आवाज बसलेला होता.

"आत्या, बाबांचा छोटा काळा कंगवा होता ना, आईच्या पर्समध्ये? हॉस्पिटलने परत दिलेला. तो दिसत नाहीये. मी तिला विचारलं, बाबांचा कंगवा कुठाय..."

"मग?"

"ती म्हणाली, कोणाच्या बाबांचा?"

मी म्हटलं, तिला फोन दे.

"वन्सं, तुम्ही होय. कशा आहात? गुडघा काय म्हणतो?" मधुमतीचा आवाज स्वच्छ होता. एप्रिलपासून ऐकला नव्हता इतका स्वच्छ.

"त्या भांड्यात काय घातलंस तू?"

"कंगवा घातला एक. कोणाचा होता ते आठवत नाही. घालण्याआधी तीनदा पर्समध्ये परत ठेवला होता, ते आठवतं."

"मधुमती, मी तुझी कोण?"

"काय विचारता. माझ्या वन्सं."

"वन्सं म्हणजे कोणाची बहीण?"

"निवेदिताची आत्या..." ती पुटपुटली आणि तिथेच अडकली. मग ती, अवघड जागी सापडलेल्या माणसासारखी, हळूच म्हणाली,

"तुम्ही तर पहिल्यापासूनच आहात की."

निवेदिता त्याच संध्याकाळी व्हिटलॉक यांच्याकडे धावली. वाडगा कपाटात होता. कोरडा, स्वच्छ, मिठाचा कण नाही. आत कंगवा होता का, असं विचारलं तर ते नाही म्हणाले. तिने वाडगा विकत मागितला. त्यांनी दिला नाही. त्यानंतर त्यावर मीठ फुललं नाही, आणि तो पुन्हा कधी तिच्याकडे आला नाही.

मार्चमध्ये मधुमती पुण्याला परतली. भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहून तिने विचारलं, हे गृहस्थ निवेदिताच्या सासरचे का? आम्ही सांगितलं, वहीवर लिहून दिलं, लग्नातले फोटो दाखवले. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, परक्या घरच्या सुतकाचं ऐकावं तसं. संध्याकाळपर्यंत ते पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तेही गेलं. शेवटी मीच सगळ्यांना बजावलं, यापुढे कोणी सांगायचं नाही.

आमच्या घराण्यात माझा शब्द मोडत नाहीत. तो बरोबर होता का, हे मला आजही ठाऊक नाही.

चार वाजता ती आता शांत असते.

पण पुरुषोत्तमच्या तिथीला दर वर्षी तिचा मला फोन येतो. तिथी तिला कोणी सांगत नाही. या वर्षीही आला.

"वन्सं, सकाळपासून सगळा स्वयंपाक झालाय. अळूचं फतफतं, वडे, खीर. हातानेच केला. दोन पानं वाढली आहेत. आज कोणी यायचं होतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही. तू जेवून घे."

"बसते. एक वाजलाच आहे." पाट सरकवल्याचा आवाज आला. "दुसऱ्या पानाचं काय करू?"

"झाकून ठेव."

"काय झाकू, वन्सं... ते केव्हाच निपटलंय."