पालथी पानं

त्या मंगळवारी जोडारी दवाखान्यात गेला तो फक्त एक वायर आणायला. काम संपलं होतं, स्कॅनर परत गेला होता, त्याची वायर तेवढी तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत राहिली होती. दहा मिनिटांचं काम.

जोडारी हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. नववीत शाळा सुटल्यावर सहा वर्षं त्याने पाइप जोडले होते. मग मोबाइलवर बघून बघून तो ही दुसरी जोडणी शिकला. हिच्यात कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकटी ओढायच्या आणि बाणांनी एकमेकींना जोडायच्या. पहिल्या चौकटीत स्कॅन केलेला केसपेपर येतो. दुसरी त्यावरचं नाव, फोन आणि शेवटच्या तपासणीची तारीख वाचते. तिसरी ते सगळं डेटाबेसच्या तक्त्यात भरते. आणि तपासणीला सहा महिन्यांच्या वर झाले असतील, तर चौथी मेसेज पाठवते : ‘आपली तपासणी बाकी आहे. मंगळवारी सकाळी दहा वाजता या.’ पाइप आणि पाणी, दुसरं काय! नववीचं मात्र तो कुणाला सांगत नसे.

दवाखाना छातीच्या रोगांचा. तिथले कागद तीस वर्षं मावशींनी सांभाळले होते. मावशी म्हणजे बुटकी, जाड चष्म्याची बाई, कोणत्याही रुग्णाची फाईल डोळे मिटून काढणारी. स्कॅन करताना जोडाऱ्याच्या लक्षात आलं, की काही फायलींतलं पहिलं पान पालथं ठेवलेलं आहे. स्कॅनरला त्याची कोरी पाठच दिसायची आणि जोडणी अडायची. असं का, हे मावशींना विचारावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारतो तो अडाणी ठरतो, आणि मग पुढचा प्रश्न येतो, कितवी शिकलास? त्याने पडद्यावर एक खूण केली : दोन्ही बाजू वाच, कोरी बाजू टाकून दे. अडचण मिटली.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण डॉक्टर बघायला आले तेव्हा तो म्हणाला, “मावशींनी पानं पालथी घातलीत, साहेब. पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, पालथ्या पानावर औषध इथेच बघितलं!”

डॉक्टर हसले. काउंटरवरची ताई तर खुर्चीतून पडायची राहिली. मावशींनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मिटलं आणि त्या चष्मा पुसत बसल्या. तीन दिवसांनी त्या निवृत्त झाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “काही अडलं तर विचार हो. विचारायला पैसे पडत नाहीत.”

“माहीत आहे मला सगळं,” तो म्हणाला होता.

सोमवारी दुपारी त्याने जोडणी चालू केली. दोनशे बारा मेसेज गेले.

मंगळवारी तो दारातून आत शिरला आणि थबकला. एरवी या दवाखान्यातला खोकला रस्त्यावर ऐकू यायचा. आज बाकांवर मुंगी शिरायला वाव नव्हता, आणि कुणीच खोकत नव्हतं. वास येत होता तोही औषधाचा नव्हता. कोरडा, जुन्या कागदांचा, डांबराच्या गोळ्यांचा वास. तळघराचा.

“ताई, आज गर्दी जोरात आहे.”

“कसली गर्दी? नऊच नंबर दिलेत सकाळपासून. डोळ्यांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे बरं का!”

जोडारी वळला. पुढच्या बाकांवर खरंच नऊ माणसं होती, मोबाइल बघत, गप्प. पण मागचे बाकही भरलेले होते. तिथली माणसं हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती… भिंतीकडे तोंड करून.

अगदी शेवटच्या बाकावर एकजण मात्र सरळ बसला होता. तो खोकला. त्या शांततेत तो आवाज माणसाचा वाटला, बरं वाटलं. तो म्हातारा शिंपी होता, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. तो उठून जोडाऱ्यापाशी आला आणि त्याने मोबाइल पुढे केला.

“ताई म्हणाली, ही जोडणी तुझी. हा मेसेज बायकोच्या नावाचा आहे.”

“मग आणा ना त्यांना, काका.”

“तिला जाऊन चार वर्षं झाली.”

जोडाऱ्याने मेसेजवरचं नाव पुन्हा वाचलं.

“काल दुपारी मेसेज आला,” शिंपी हळूच म्हणाला, “आणि तेव्हापासून ती घरात आहे. मला बोलावलंय, म्हणते. रात्रभर दाराशी उभी होती, दहा वाजायची वाट बघत. तूच सांग तिला जायला, पोरा… माझ्याने सांगवत नाही.”

चूक कबूल करायची ती वेळ होती. जोडाऱ्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

“माझं काही नाही त्यात, काका. आधीच्या मावशींनी पानं उलटसुलट लावून ठेवली होती.”

बोलताना त्याचे कान तापले. मागच्या बाकांवरून कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. त्याने तिकडे बघितलं नाही. तो जवळजवळ पळतच तळघरात उतरला.

एक बरं होतं. वस्तू जशी काढली तशीच ठेवायची, ही जोडाऱ्याची सवय. स्कॅन झाल्यावर त्याने पालथी पानं पुन्हा पालथीच ठेवली होती. त्या फायली तो काढत गेला, मेसेजांच्या यादीशी ताडत गेला. एकतीस झाल्या. शिंप्याच्या बायकोची त्यांत होती. मग त्याने मावशींना फोन लावला आणि वरच्या बाकांवर काय दिसलं ते सांगितलं.

“पालथं पान म्हणजे गेलेलं माणूस, बाळा,” मावशी म्हणाल्या. “वर लाल अक्षरात लिहिलं की कागद न्यायला आलेले नातेवाईक तिथेच कोसळतात. म्हणून मी काही लिहायचे नाही. पान पालथं करायचं आणि नाव घेऊन म्हणायचं, तुमची तपासणी संपली, आता विश्रांती घ्या.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही, मावशी?”

“सांगणार होते. तुम्ही सगळे हसत होतात.”

भिंतीत तोंड लपवावं असं जोडाऱ्याला वाटलं, आणि वरच्या त्या माणसांच्या आठवणीने तेही नको वाटलं.

“आता एकेकाचं नाव घेऊन त्यांना परत पाठव,” मावशी म्हणाल्या. “खरं काय झालं ते सांग. आणि एकालाही ठेवून घेऊ नकोस. मागे राहिलेलं माणूस एकटं जात नाही… कुणाला तरी सोबत घेऊन जातं.”

दुपारचा एक वाजला होता. डॉक्टर निघायच्या तयारीत होते, ताई खिडकी लावत होती. जोडारी यादी घेऊन बाकांसमोर उभा राहिला.

“कॉम्प्युटरच्या चुकीमुळे आपल्याला मेसेज आला,” तो म्हणाला आणि त्याने पहिलं नाव वाचलं.

काहीही हललं नाही.

“कुणाशी बोलतोयस रे?” ताईने विचारलं. डॉक्टरही थांबले. जोडाऱ्याला नागडं उभं राहणं याहून सोपं गेलं असतं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “पान पालथं का आहे हे मी विचारलं नाही. मी नववीपर्यंतच शिकलोय, ते कळेल म्हणून विचारलं नाही. उलट मावशींना हसलो. आणि आज सकाळी… त्यांच्यावरच ढकललं.”

त्याने पहिलं नाव पुन्हा घेतलं. “तुमची तपासणी संपली. आता विश्रांती घ्या.”

मागचा एक बाक करकरला, एखाद्याने उठावं तसा. ताईने खिडकीचा गज घट्ट धरला.

दुसरं नाव, तिसरं नाव. दर नावाला बाक करकरत गेला आणि भिंतीकडची रांग विरळ होत गेली. तीस झाली. डांबराच्या गोळ्यांचा वास जवळजवळ गेला. यादीत एकच नाव उरलं. शेवटच्या बाकावर शिंपी बसला होता, त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड केलेली एक पाठ होती. जोडाऱ्याने तोंड उघडलं तसा म्हाताऱ्याने हात वर केला.

“तिचं राहू दे,” तो म्हणाला. डोळे भरले होते. “सकाळी येताना चार वर्षांनी कुणीतरी बरोबर चाललं रे.”

मावशींनी बजावलं होतं. पण ज्याला आपण एवढं छळलं, त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? जोडाऱ्याने यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

याला आता सात महिने झाले. जोडणीत त्याने पाचवी चौकट घातली आहे, पान पालथं असेल तर थांब म्हणणारी. रेकॉर्डच्या खोलीत आता तोच बसतो. कुणी गेल्याचं घरच्यांनी कळवलं, की नाव घेऊन पान पालथं करतो. मावशी कधी फोनवर विचारतात, “सगळी गेली ना रे?” तो हो म्हणतो.

शिंपी दर मंगळवारी येतो. शेवटच्या बाकावर बसतो, शेजारची जागा मोकळी ठेवतो. पूर्वी त्याचा खोकला खाली तळघरापर्यंत यायचा. गेल्या महिन्याभरात एकदाही आलेला नाही. आणि तीन मंगळवारांपूर्वी जोडारी वर गेला, तेव्हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मोजपट्टी पाठीवर लोंबत होती. ताई म्हणाली, शेवटचा बाक सकाळपासून रिकामा आहे.

म्हाताऱ्याचं पान फायलीत सरळच आहे. पण त्याचं कुणी नाही, काही झालं तर कळवणार कोण? जवळ जाऊन, काका, बरे आहात ना, एवढंच विचारायचं. विचारायला पैसे पडत नाहीत. तो जिन्यापर्यंत जातो, आणि लाज त्याला मागे ओढते.

मग दर मंगळवारी तो ते पान काढतो. पालथं करत नाही, सरळही ठेवत नाही. दोन बोटांत उभं धरून बसतो, वरून खोकला ऐकू येतो का, याची वाट बघत.