तिसऱ्या वळणावरचं जनावर

जरीनाबी दारातच थांबल्या. चपला काढल्या, पण आत पाऊल टाकेनात.

"बाई, पाच वाजता पोलीस माह्या अल्ताफले घेऊन जाणार. त्यानं काही केलं नाई हो!"

चंद्रपुरात खासगी तपास करणाऱ्या रंजीता गेडाम यांनी खुर्ची पुढे सरकवली. त्यांचे सोबती देवराव शेजारीच होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, कीर्तनात टाळ धरणारे, करुण आख्यान सुरू झालं की आधी डोळे पुसणारे. आता समोर आख्यान नव्हतं, माय होती. देवरावांनी मुकाट्याने पाण्याचा पेला तिच्या हाती दिला.

प्रकरण कालच्या रविवारचं. शहराबाहेरच्या उद्यानात 'गोष्टींचा बोगदा' आहे. रुळावरची छोटी गाडी अंधारातून फिरते आणि वळणावळणावर बाहुल्यांनी मांडलेली गोष्ट उजळते. तिसऱ्या वळणावर राजकन्येची वाट अडवणारा वाघ, छताला दोन साखळ्यांनी टांगलेला. सकाळी नऊला, लोक येण्याआधी, रोजच्यासारखी चाचणीची फेरी निघाली. गाडीत तिकीट तपासणारी मोनाली एकटीच होती. वाघ तिच्या अंगावर कोसळला. खांद्याचं हाड मोडलं, पोरगी बेशुद्ध पडली. ओरडा ऐकून आत धावला तो व्यवस्थापक धनराज. वाघाजवळ त्याला मेकॅनिक अल्ताफचा पाना दिसला म्हणे.

"अन् मागच्या आठवड्यात अल्ताफ म्हणाला होता, एक दिवस हे कोणावर तरी पडन," जरीनाबी म्हणाल्या. "त्यालेच आता धमकी म्हणून राह्यले."

रंजीता उठल्या. "चला, देवरावभाऊ."

बोगद्यात दिवे लावले होते. पोलिसांनी काहीच हलवू दिलं नव्हतं. वाघ कुशीवर पडला होता आणि त्याच्या फाटल्या पोटातला भुसा रुळांवर पसरला होता. त्या भुशावर पाना पडलेला.

"अल्ताफचाच हो," देवराव हळहळले. "दांड्याले त्याची निळी पट्टी आहे."

"पट्टी दिसली, भाऊ. पान्यावर भुशाचा एक कण तरी दिसतो का?"

"नाई. स्वच्छ आहे."

"बरं," एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या.

केबिनमध्ये धनराज बसला होता. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"हे बटण?"

"भोंग्याचं. गाडी अडकली तर वाजवतो."

"अन् हे?"

"तिसऱ्या वळणाजवळच्या मागच्या दरवाजाचं. फक्त साफसफाईला उघडतो. फेरीच्या वेळी कधीच नाही, सगळा अंधार बिघडतो."

"बाहुल्या पुसणारे कोलूभाऊ सांगतात, काल सकाळी तुम्हाले फोन केला. आला होता?"

"अजिबात नाही! आला असता तर त्या मुलीला आत पाठवलं असतं का मी?"

बाहुल्या पुसणारा कोलू भामरागडकडचा, साठी उलटलेला. तो बाकावर अंग चोरून बसला होता.

"मी काल पावणेनऊले पुसून राह्यलो होतो, बाई. जनावराची एक साखळी सुटली, ते खाली लोंबलं. मंग आतल्या फोनवरून साहेबाले सांगितलं अन् अल्ताफले बोलवाले तळ्याकडं गेलो."

"काय सांगितलं? जसंच्या तसं बोला."

"तिसऱ्या वळणावर जनावर खाली आलं, गाडी नोका सोडू."

देवरावांनी मान डोलावली. साधं, सरळ बोलणं. यात विचारण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं.

तळ्यावरच्या पंपाशी अल्ताफ भेटला. "धमकी नव्हती, बाई. साखळी झिजली, चार दिवस बंद ठेवा म्हटलं होतं. साहेब म्हणाले, सुट्ट्यांचे दिवस आहेत."

"पाना कुठी होता?"

"शनिवारी केबिनचं कुलूप दुरुस्त केलं, तिथीच विसरलो."

दवाखान्यात मोनाली पट्ट्यांत गुंडाळलेली होती, पण जीभ शाबूत होती. "गाडी सुटाच्या आधी आत भोंगा वाजला, तीनदा. मी म्हटलं, साहेब वरात काढून राह्यले का! अन् तिसऱ्या वळणावर ऊन पडलं होतं. बोगद्यात ऊन, ताई! मी तिकडंच पाहत होती."

पावणेपाचला सगळे केबिनबाहेर जमले. फौजदार घड्याळ पाहत होते. जरीनाबींनी लेकाची बाही घट्ट धरली होती.

"पाना आधी वापरला असता तर भुशाखाली दबला असता," रंजीता म्हणाल्या. "तो वरती आहे, कोरा. वाघ पडल्यावर कोणीतरी ठेवला. मोनाली बेशुद्ध, अल्ताफ अन् कोलूभाऊ तळ्यावर. आत एकटे धनराज साहेब गेले, अन् पाना त्यांच्याच केबिनमध्ये होता."

"मी कशाला ठेवीन?" धनराज ओरडला.

"फोन आल्याचं लपवाले. देवरावभाऊ, कोलूभाऊंनी आज एकदा तरी वाघ हा शब्द उच्चारला?"

देवराव आठवत राहिले. "नाई... जनावरच म्हणतात ते. आमच्या सिंदेवाहीकडंही कोणी नाव घेत नाई. नाव घेतलं का तो येते म्हणतात."

"आपल्याले कानावर पडताच समजलं, म्हणून ते खटकलं नाई. पुण्याच्या माणसाले काय समजलं असेल? रुळावर कुत्रं, नाई तर डुक्कर शिरलं! मंग तो काय करन? भोंगा वाजवून हाकलन, त्याले बाहेर पळता यावं म्हणून मागचा दरवाजा उघडन अन् वाट मोकळी झाली समजून गाडी सोडन. मोनालीनं ऐकला तो भोंगा तोच, पाहिलं ते ऊन तेच. फोन आलाच नव्हता, तर ही दोन बटणं दाबली कशाला, साहेब?"

 धनराज केबिनच्या पायरीवर बसला.

"मला खरंच कुत्रं वाटलं," तो पुटपुटला. "आत गेलो, तिला रक्तात पाहिलं... सगळं माझ्यावर येणार होतं."

"चूक झाली होती, ती सांगता आली असती. तुम्ही एका माणसाचं आयुष्य त्या चुकीवर झाकण म्हणून ठेवलं."

फौजदारांनी धनराजच्या खांद्यावर हात ठेवला. जरीनाबींनी लेकाची बाही सोडली आणि पदरात तोंड खुपसून रडू लागल्या. देवरावांचेही डोळे भरले.

कोलू मात्र तसाच उभा होता.

"बाई, म्हणजे माह्याच जिभेनं पोरीचं हाड मोडलं?"

"नाई, कोलूभाऊ. कोणतं जनावर, एवढं विचाराले साहेबाले दोन शब्द लागले असते."

कोलूला ते पटलं नाही. ओठ हलले, जणू वाघ हा शब्द एकदा तोंडात घेऊन पाहत होता, पण तो काही बाहेर आला नाही.

"घरी चल, बेटा," जरीनाबी म्हणाल्या.

"तू हो पुढं, अम्मी," अल्ताफ म्हणाला. त्याने कोलूला हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी टेकला.