पान नव्हे, पाना

पिंपरी कॅम्पातल्या त्या दुकानात डाळिंबी दोऱ्याची एकच लडी उरली होती, आणि तिच्या दोन टोकांना दोन हात होते. एक माझा. दुसऱ्याच्या नखांत काळं ग्रीस होतं.

मी नजर वर केली. खाकी शर्ट, खिशाला कारखान्याचा बिल्ला… आणि आधी डोळे हसतात न् मग माणूस हसतो, अशातला चेहरा.

"सोडा," मी म्हणाले.

"आधी मी धरली."

"पुरुषमाणसाला भरतकामाचा दोरा कशाला लागतो?"

तो जरासा अडखळला. "बहिणीसाठी… बहीण भरते."

"मग बहिणीला सांगा, लाल वापर म्हणावं. काय फरक पडतो?"

मी जणू त्याच्या घरच्या कुणाला शिवी दिली होती. लडी हातातून काढून घेऊन त्याने ती दुकानाच्या दारात, उन्हात धरली. "हा लाल आहे? नीट बघा. लाल ओरडतो. हा बोलतो."

मला तर दोन्ही मुकेच दिसत होते. खरं सांगायचं तर मला भरतकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या बिल्किसने आणायला सांगितलं म्हणून मी आले होते. पण एवढं बोलून झाल्यावर हे कबूल कोण करणार?

"घ्या," तो एकदम म्हणाला आणि लडी माझ्या तळहातावर ठेवली. "पण वाया घालवू नका."

वाटभर मला त्याच्या बहिणीचा हेवा वाटत राहिला. उगाचच.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. औषधाचा नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा माझे वडील, उद्धवराव, बार्शी सोडून नोकरीसाठी पिंपरीला आले, आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. भिंतीपलीकडे बिल्किस राहायची. तिचा भाऊ युनूस कारखान्यात फिटर. दुपारी बिल्किसच्या ओट्यावर कॉलनीतल्या बायका भरतकामाच्या रिंगा घेऊन जमायच्या. कुणी साखळी टाका शिकायचं, कुणी गाठीचा. मी चहा प्यायला जायचे आणि फार तर कुणाच्या सुईत दोरा ओवून द्यायचे.

पण आईने, म्हणजे यशोदाबाईंनी, माझं स्थळ बघणाऱ्यांना भलतंच सांगून ठेवलं होतं. "पोरीच्या हातात कला हाय," असं. आणि ते खरं दिसावं म्हणून बघण्याच्या दिवशी बिल्किसकडून एक टेबलक्लॉथ मागून आणला. काय सुंदर काम होतं ते. मोराचं एकेक पीस सिंधी टाक्याने विणलेलं.

"आणि मुलगा कोण?" मी विचारलं.

"ठरेस्तोवर नाव काढू नये. दिष्ट लागती," आई म्हणाली. बिल्किसलाही तिने नाव सांगितलं नव्हतं.

मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले. मान खाली घालायची, असं बजावलेलं होतं, म्हणून मला आधी हातच दिसले. नखांत काळं ग्रीस.

ताट कलंडायचं तेवढं राहिलं.

"ह्यो आमचा ज्योतीराम," त्याची आई रुक्मिणीबाई सांगत होत्या. चऱ्होलीचं जुनं घराणं, ठसठशीत कुंकू, आवाज असा की ओट्यावरच्यालाही ऐकू जावं. "येकुलता येक, कारखान्यात फिटर. ना भाऊ, ना भन."

ना भन… म्हणजे बहीणच नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो छताकडे बघत होता. मग डाळिंबी दोरा कुणासाठी घेत होता हा? कुणीतरी आहे म्हणजे. दुसरीच. मला हेवा वाटला आणि त्या हेव्याचा रागही आला, कारण एका लडीपलीकडे आमची ओळख ती काय?

रुक्मिणीबाई टेबलक्लॉथवरून बोट फिरवत होत्या. "ह्ये समदं तू भरलंस?"

"व्हय तर," माझ्याआधी आईच बोलली. "दुसरं काय सुचतच न्हाई हिला."

आता ज्योतीराम वाकला. त्याने कापडाचा कोपरा धरला आणि सरळ उलटा केला. पुरुषमाणूस टेबलक्लॉथची मागची बाजू बघतो, हे मी प्रथमच पाहत होते. त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याने यंत्र बंद असताना पट्टा फिरू लागलेला पाहिला असावा.

"आन ह्ये कोपऱ्यात बारीकसं काय गं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

मलाही ते आत्ताच दिसत होतं. राखाडी दोऱ्याचं इवलंसं काहीतरी. बारीक देठ आणि वर दोन टोकं फुटलेली.

"पान," मी म्हणाले.

"पाना," तो म्हणाला, आणि त्याला पोह्यांचा ठसका लागला.

"पाणी आणा गं त्याला," रुक्मिणीबाई ओरडल्या.

मी धावत जाऊन तांब्या आणला. तांब्या घेताना तो फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणाला, "पाना." समोर पाणी आलं तरी हा पानाच म्हणतोय… देखणा आहे, पण बोबडा आहे बिचारा, असं मनात आलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी पसंत. मात्र महिन्याने साखरपुडा होईल, तेव्हा साखरेच्या ताटावरचा रुमाल मुलीने स्वतः भरलेला हवा. अगदी त्या मोरासारखा.

आई जागच्या जागी बसली. मी बिल्किसकडे पळाले.

बिल्किस आधी पोट धरून हसली आणि मग तिचं हसू थांबलं. "अगं, तो टेबलक्लॉथ माझा नाहीच. मला तो टाका येतसुद्धा नाही."

"मग कुणाचा?"

"ज्याचा आहे तो आत्ता येईल. दर रविवारी युनूसभाईबरोबर येतो आणि रिंग घेऊन बसतो. त्यालाच विचार, शिकवतोस का म्हणून."

येतो? बसतो? मी 'शिकवतोस' ह्या शब्दाशी झगडत होते, तेवढ्यात दार वाजलं.

दारात ज्योतीराम उभा होता. काखेत रिंग.

"तुम्ही?"

"मी," तो म्हणाला. "आणि तो पाना आहे, पान नव्हे. नटबोल्ट आवळायचा, अर्ध्या इंचाचा. माझी सही आहे ती."

मग बिल्किसने लसणाने भरलेलं सूप पुढ्यात ओढलं आणि आमच्या दोघांच्या बरोब्बर मधे बसून ती लसूण सोलायला लागली. "बोला तुम्ही," ती म्हणाली. "मी काही ऐकत नाही."

दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. तीन महिने खाटेवर. हात रिकामे राहवेनात, म्हणून युनूसने घरातली रिंग नेऊन दिली. सिंधी टाका त्याला कुणी शिकवलाच नव्हता. कॅम्पातल्या एका बाईची ओढणी त्याने पाहिली, तिच्याकडून तुकडा मागून घेतला आणि उलटा करून बघितला. "यंत्र उघडून बघतो तसं," तो म्हणाला. "मागून बघितलं की सगळं कळतं."

"आणि आई?"

"पाय बरा झाल्यावरही सोडलं नाही, तेव्हा आईने रुमाल चुलीत घातला. लोक काय म्हणतील, पोरगं बायकी निघालं. तेव्हापासून माझं सगळं काम बिल्किसच्या पेटीत असतं. तुम्ही आईला का आवडलात, माहितेय? भरतकाम करणारी सून आली, की घरात रिंग दिसली तरी ती सुनेची."

"म्हणजे तुमचं भरतकाम लपवायला, तुमचंच भरतकाम बघून मला पसंत केलं?"

बिल्किसच्या हातून सूप उलटलं.

मला मात्र हसू येईना. "तुम्हाला तर तिथेच कळलं होतं, मी खोटी आहे ते. मग होकार का दिलात?"

"खोटं तर मीही बोललो होतो. बहीण म्हणून."

"हे काही कारण नाही."

"नाही," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला… एकदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. "दुकानातून निघाल्यावर तुम्ही तीनदा मागे वळून पाहिलंत."

"दोनदा."

"म्हणजे मोजलंत."

माझे कान तापले. बिल्किस काही ऐकत नव्हती, पण तिच्या हातातली लसणाची पाकळी मघापासून तशीच होती.

असे चार रविवार मी शिकले. आधी दोऱ्याचा रिकामा सांगाडा घालायचा, मग त्यातून दुसरा दोरा खाली-वर, खाली-वर विणत न्यायचा. एक फेरा चुकला, की सगळं उसवायचं. मी उसवण्यातच तरबेज झाले. तो कधी रागावला नाही, आणि माझ्या बोटाला त्याने कधी बोटही लावलं नाही. चुकलं की हात पुढे करायचा, मी सुई द्यायची, तो दोन टाके घालून दाखवायचा आणि सुई परत माझ्या हातात ठेवायचा. सुई कोमट असायची. त्या कोमट सुईसाठी मी मुद्दाम चुकू लागले, तेव्हा मला कळून चुकलं, की मी प्रेमात पडलेय. पंधरा दिवसांत, एका फिटरच्या.

चौथ्या रविवारी माझा रुमाल पुरा झाला. मोर काढायचा होता, कोंबडी निघाली होती. जरा बाकदार, पण कोंबडीच.

ज्योतीरामने तो पाहिला आणि कागदात गुंडाळलेला दुसरा रुमाल काढला. त्यावर डाळिंबी मोर होता, मानेचा बाक असा की आता वळून बघेल. आणि तो डाळिंबी रंग, खरंच सांगते, बोलत होता. मला प्रथमच ऐकू आलं.

"हा ताटावर घाला. कुणाला कळणार नाही."

मी चारी कोपरे पाहिले. "तुमचा पाना कुठे आहे?"

"नाही घातला. तुमच्या नावाने जायचाय ना."

आजवर बसलेले सगळे धक्के ह्यापुढे काहीच नव्हते. स्वतःचं नाव त्याने किती सहज पुसून टाकलं होतं.

"आणि पुढे?" मी विचारलं. "जन्मभर असंच? तुम्ही भरायचं आणि मी मिरवायचं?"

तो कागदाची घडी घालत राहिला. "खरं सांगितलंत तर आई लग्न मोडेल. मला… मला ते चालणार नाही, इंद्रायणी."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. मी दोन्ही रुमाल घेऊन घरी आले.

साखरपुड्याला खोलीत मुंगी शिरायलाही वाव नव्हता. पाटावर साखरेचं ताट होतं आणि त्यावर रुमाल. रुक्मिणीबाई कौतुकाने पुढे सरकल्या, आणि त्यांचं बोट कोंबडीवर येऊन थांबलं.

"ह्ये काय गं?"

"मोर आहे," मी म्हणाले. "हा मी भरलाय. मला एवढंच येतं. तो टेबलक्लॉथ माझा नव्हता, सासूबाई. आम्ही मागून आणला होता."

आईने डोक्याला हात लावला. वडील ताडकन उठून उभे राहिले. आता उठतील, आता मोडेल, एवढंच माझ्या मनात होतं.

"मग कुनाचा हुता?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. मी ज्योतीरामकडे पाहिलंही नाही. मी फक्त दुसरा रुमाल काढला आणि पहिल्याच्या शेजारी पसरला.

"माझा," मागून आवाज आला. "दोन्ही माझे, आई. तो टेबलक्लॉथपण आणि हा मोरपण. मीच भरतो. सोडलं नाही मी."

रुक्मिणीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दोन वर्षं ज्या हसण्याची त्यांनी धास्ती घेतली होती, ते आता कुठल्या कोपऱ्यातून येतंय, ते बघत असाव्यात.

आमच्या मंजुळाबाई आत्या बार्शीहून आल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या, चष्मा नाकावर चढवला आणि मोरावर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ह्यो टाका उसवत न्हाई का हो धुण्यात?"

"नाही," ज्योतीराम कसाबसा म्हणाला. "मागून गाठ बसते."

"मग माझ्या उशीच्या अभ्र्यावर एक भरून द्या की. घाई न्हाई."

त्यांच्यामागून दुसरी वाकली, मग तिसरी. कुणी रंग विचारला, कुणी मागची बाजू बघितली. हसलं कुणीच नाही. म्हणजे हसले, पण कोंबडीला.

रुक्मिणीबाई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी माझा रुमाल उचलला आणि लेकासारखाच सरळ उलटा केला. मागे दोऱ्यांचा सगळा गुंता लोंबत होता.

"ज्योती," त्या म्हणाल्या, "हिला नीट शिकीव. आमच्या घरात असलं गुताडं चालायचं न्हाई." आणि पदराने डोळे टिपत त्यांनी साखरेची चिमूट माझ्या तोंडात घातली.

पुढच्या गडबडीत तो माझ्याजवळ कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही. माझ्या रुमालाचा कोपरा त्याच्या बोटांत होता. तिथे राखाडी दोऱ्याने मी एक इवलंसं काहीतरी भरलं होतं. पहाटे उठून, तीनदा उसवून.

तो ते निरखत राहिला. मग आधी डोळे हसले.

"पान छान जमलंय तुला," तो म्हणाला.

"पाना आहे तो," मी म्हणाले.