बदामाचं एक पान

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. दार वरून किलकिलं झालं तेव्हा तिला आधी दिसले ग्रीसने माखलेले दोन हात. मग डोकं. मग हसू.

"घाबरलात?"

"छे! रविवारी दुपारी मी इथेच असते. हवा छान आहे."

तो खदखदून हसला आणि त्याने तिला हात देऊन वर ओढलं. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत बघायचं, हेच तिचं काम. पण हे डोळे इतक्या जवळून बघताना ती काय बोलायचं होतं तेच विसरली.

चौथ्या मजल्यावर मामा दारातच उभा होता. मामा म्हणजे निवृत्त शिंपी आणि पोकरचा पक्का नादी. "भाचीला सोडवलंत, आता आम्हालाही सोडवा," तो लिफ्टवाल्याला म्हणाला. "शेजारी घर सोडून गेले, पत्त्यांना चौथा गडी नाही!"

अशी सुरुवात झाली. मामा, मामी, ती आणि तो. डावावर लावायला मामाच्या डब्यातली बटणं. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मेजावर एकेक करत सगळ्यांची मिळून पाच. ती जोडी आल्याशिवाय एक बटण पुढे सरकवायची नाही. आणि तो? चार पानं एका रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, झाली की पाचव्यासाठी बटणांची मूठ लावून मोकळा!

"हातात काहीच नाही तुमच्या!" तिसऱ्या रविवारी ती वैतागली.

"अजून नाही," तो म्हणाला. "होईल."

"आणि नाही झालं तर?"

"दर वेळी होत नाहीच. सेहेचाळीस पानं झाकलेली, त्यांतली आपल्या कामाची नऊ. पाचांत एकदा. म्हणून डाव मोठा असेल तरच थांबायचं..." त्याने चष्मा वर सरकवला. "आणि वाट बघण्यात मजा असते हो."

हे बोलताना तो पानांकडे बघत नव्हता. तिने चटकन चहाचा कप तोंडाला लावला – कप रिकामा होता.

दोन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो लिफ्ट ठीक असतानाही तपासायला यायला लागला. ती त्याच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून द्यायची, तो पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल होऊन यायचा. पण मनातलं मात्र कुणीच बोलत नव्हतं.

आणि मग दातांच्या डॉक्टरांचं स्थळ आलं. माणूस सालस, दवाखाना स्वतःचा. मामी तर हरखूनच गेली. "संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय," त्या रविवारी पानं वाटता वाटता ती म्हणाली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये गं बाई."

तो मान खाली घालून म्हणाला, "माझीही बातमी आहे. कंपनी बदली करतेय. दोन वर्षं, दुसऱ्या शहरात. उद्याच निघतो."

उद्या?

तिने पानं उचलली. बदामाची राणी, बदामाची अठ्ठी. मेजावर आली बदामाची नव्वी, बदामाची चौकी, किल्वरचा राजा. मग चौकटची तिर्री. चार बदाम! एकच हवा होता.

त्याने सगळी बटणं पुढे ढकलली. मामा-मामींनी पानं टाकली. एरवी तिनेही केव्हाच पानं टाकली असती. आज तिने बटणांचा ढीग दोन्ही हातांनी सरकवला. एक बटण घरंगळत मामीच्या मांडीवर गेलं.

"हातात काही आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"अजून नाही."

मामाने शेवटचं पान उलटलं. इस्पिकची सत्ती.

"गेलं!" मामा ओरडला.

"गेलं तर गेलं," ती म्हणाली. शब्द आता थांबेनात. "पण मी थांबले होते. तुझ्यासाठी... मला तू आवडतोस. मामी, ऐक तूही. मी त्या डॉक्टरांना हो म्हणणार नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा सरळ केला. मग आपली पानं मेजावर ठेवली – बदामाचा गुलाम. बदामाची दश्शी.

"म्हणजे... तूही बदामाचीच वाट बघत होतास?"

"दोन महिने," तो म्हणाला. "तुला इतकं चांगलं स्थळ आलं, म्हटलं आपण मधे कशाला... आवडतेस गं. फार आवडतेस."

"अरे, डाव बघा की!" मामाला राहवेना. "दोघांचाही रंग जुळला नाही, पण राणी गुलामाहून मोठी! भाची जिंकली!"

मामीने कपाळाला हात लावला, आणि मग तिलाही हसू आवरेना. "दोन वर्षं आहेत हो. झेपेल का?"

"एक रविवार मी इकडे येईन," तो म्हणाला.

"आणि एक रविवार मी तिकडे," ती म्हणाली.

मामी उठून फोनकडे गेली. जाता जाता पुटपुटली, "आता त्या डॉक्टरांच्या आईला मीच तोंड देते." मेजाखाली त्याने तिचा हात धरला, तिने तो धरू दिला, आणि मामा छताकडे बघत मोठ्या तन्मयतेने पत्ते पिसत राहिला.