चौथी वायर

सिंदीत आमचं बी-बियाण्याचं दुकान, वर घर. दोन हजार सात साली मी ब्रॉडबँड घेतलं ते काही हौस म्हणून नाही. माझा मुलगा पियुष वेबसाइट बनवायचं काम करायचा आणि त्याचा जीव पुण्यात अडकला होता. घरी नेट धड चाललं तर पोरगा इथंच राहणार, नाही तर गेला. एकुलता एक मुलगा. मला तो डोळ्यांसमोर पाहिजे होता, बस्स.

मेकॅनिकनं राऊटर भिंतीवर ठोकला. त्याला चार खाचा. तीन वायरी ओढल्या: एक दुकानातल्या कॉम्प्युटरला, एक पियुषच्या, एक मुलीच्या, आकांक्षाच्या. तीन हिरवे दिवे लागले, पण नेट काही येईना. जेवणं झाली, चहा झाला, वायरी बदलून झाल्या. पियुष कंटाळून पुण्याच्या मित्राशी फोनवर बोलत बसला.

आनंदाबाई, म्हणजे आमची मंडळी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तीन तिगाडा, काम बिगाडा. चौथी लावा."

"चौथी कुठं लावू, तुह्या डोक्याले?"

ती उठलीच. तिघं कामाला निघाले की आमच्याकडे चौथा म्हणून खिशात गोटा टाकतात, तोच न्याय. तिनं अंगणातला गोटा धुतला, हळदकुंकू लावलं, उरलेल्या वायरीचं टोक त्याला दोऱ्यानं बांधलं आणि जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवून म्हणाली, "बस बाबा, घरचाच समज." मेकॅनिक फिदीफिदी हसला. गंमत म्हणून दुसरं टोक त्यानं राऊटरात खुपसलं.

चौथा दिवा लागला. नेट आलं.

"असं होत नाई, काका," मेकॅनिक एवढंच बोलला आणि स्क्रू पिळायचा पेचकस विसरून गेला.

नसेल होत. आम्हाला काय करायचं? नेट धावत होतं! पियुषला घरबसल्या कामं मिळू लागली, संध्याकाळी तो गरम भाकरीवर ताव मारायचा, बहिणीची खोडी काढायचा. सोन्यासारखे दिवस होते, खोटं कशाला बोलू.

कॉम्प्युटर चालू असला की दिवा लुकलुकतो, हे पियुषनंच मला शिकवलं होतं. दुपारी तिन्ही बंद असायचे. चौथा दिवा मात्र भराभर लुकलुकायचा.

एकदा कोनाडा पुसताना आनंदाबाई म्हणाली, "अहो, गोटा गरम लागून राह्यला."

"ऊन पडत असन."

जिन्याखाली ऊन कधीच पडत नाही.

वर्षभरानं पियुषला पुण्याहून मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं. मी तोंड गोड केलं, पण अर्धा पेढा ताटातच ठेवला. त्यानं होकाराचा मेल पाठवला. चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: तुमचा नकार मिळाला.

"बाबा, नकार तुमी लिवला काऊन?"

"अबे, मले माउस धरता येत नाई!"

त्यानं कंपनीला फोन केला. त्यांनी मेल वाचून दाखवला. पियुषच्याच नावानं, एकच ओळ होती: घरचे सोडत नाहीत.

त्यानं पासवर्ड बदलला. दुसऱ्या कंपनीला लिहिलं. तिथंही तेच झालं. पोरगा माझ्याशी बोलेनासा झाला. ताटावरून उठून खोलीत जायचा. एका दुपारी मी दाराआडून त्याचं रडणं ऐकलं.

मी तडक राऊटरपाशी गेलो. खटका दाबून चौथी वायर उपसली.

चारही दिवे विझले.

वायर माझ्या हातात होती. कोनाड्याकडून ती ताणली गेली. हळूच, लहान पोरानं सदरा ओढावा तशी.

मी सोडली नाही. तिकडूनही सुटली नाही.

आता पियुष जाईल, माझ्या मनात आलं. उद्याच जाईल.

मी वायर परत खाचेत लावली.

पलीकडून ढील मिळाली.