धुराचा शेरा

मी मान वर केली आणि तो समोर उभा होता… अगदी फोटोतल्यासारखाच, उजवा कान जरासा बाहेर आलेला. माझ्या हातातली लाल पेन्सिल टेबलाखाली गेली. ती उचलायच्या निमित्ताने मीही टेबलाखाली गेले आणि तिथे गरजेपेक्षा बराच जास्त वेळ राहिले.

"मी श्रीनाथ," वरून आवाज आला. "नाशिकहून आलोय. काळ्या बिअरच्या बारा पेट्या तुम्ही अडवून ठेवल्यात."

नाव सांगायची गरज नव्हती. मागच्या मे महिन्यात त्याचं स्थळ मला सांगून आलं होतं. भाऊ, म्हणजे माझे वडील, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. स्थळांची पाकिटं ते माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, जन्म तुला काढायचाय, शेराही तूच लिही. सत्त्याण्णव सालच्या भिवंडीत किती मुलींच्या बापांनी असं केलं असेल, सांगा. आणि मी काय केलं? 'बिअरच्या कारखान्यात नोकरी' एवढं वाचलं, नाक मुरडलं आणि पाकिटावर लाल अक्षरात लिहून टाकलं, नापसंत. फोटो पाहिला तो नंतर. तेव्हाच काहीतरी हललं होतं आत, पण लिहिलेलं खोडायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. माईने, म्हणजे आईने, मध्यस्थांना कळवलं, आमच्या ह्यांना दारूचा धंदा चालत नाही. मी गप्प बसले. आठ महिने झाले, तो फोटो काही डोक्यातून जात नव्हता.

टेबलाखालून बाहेर आले तर तो तसाच उभा. ओळख दाखवेना. मग मीही दाखवली नाही.

दापोड्याच्या त्या गोदामात आलेला माल तपासून शेरा मारायचं काम माझं. पावसाळ्याच्या आधी शेजारच्या गोदामात सुताच्या गाठी आतून धुमसत होत्या, तेव्हा वास पहिल्यांदा मला आला होता. तेव्हापासून आमचे काळूरामशेठ माझ्या नाकावर गोदाम चालवत. सोमवारी ह्या पेट्या उतरवताना एक बाटली फुटली आणि भसकन धुराचा वास आला. मी लगेच लिहिलं, 'धुराने खराब. नापसंत.' एक प्रत कारखान्याला टपालाने रवाना केली.

"धूर बाहेरून लागलेला नाही, मॅडम," श्रीनाथ म्हणाला. "मी घातलाय."

मग त्याने सांगितलं. स्कॉटलंडात दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात, ती जाळतात आणि तिच्या धुरावर मोड आलेले सातू सुकवतात. तसल्या सातूचं एकच पोतं त्याने कसंबसं मिळवलं होतं. त्यातून ह्या बारा पेट्या झाल्या. उद्या शनिवारी दुपारी मुंबईत कंपनीचे साहेबलोक चव घेणार होते. दुसरं पोतं मिळायचं नव्हतं. बोलताना त्याचे हात सारखे हलत होते, आणि मी शेऱ्याच्या वहीकडे बघायचं सोडून त्या हातांकडे बघत होते.

काळूरामशेठ बाजूलाच बसले होते. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "बाय, शेरा तुमचा हाय," ते म्हणाले. "तुमीच चाखा आन तुमीच खोडा. आपला नेमच हाय तसा. मी काय हात लावनार न्हाय."

नेम खराच होता. ज्याने शेरा लिहिला, त्यानेच माल पुन्हा तपासायचा, स्वतःच्या हाताने खोडायचा, खाली सही आणि तारीख. पण मी आणि बिअर… आमच्या घरात खोकल्याच्या औषधातसुद्धा दारूचा अंश नाही ना, हे बाटलीवर वाचून मगच घोट घेत.

दौलत आमचा जुना हमाल. त्याने माल ओढायच्या आकड्याने बाटलीचं झाकण एका झटक्यात उडवलं आणि चहाचे दोन ग्लास विसळून आणले. गोदामाच्या ओट्यावर जानेवारीचं ऊन पडलं होतं. श्रीनाथने ग्लास तिरका धरून हळूच ओतलं. काळंभोर, वर तपकिरी फेस.

"लगेच पिऊ नका," तो म्हणाला. "आधी वास घ्या."

"वास घेऊनच अडकलेय."

तो हसला. पहिल्यांदाच. "मग आता पुढे जा."

मी घोट घेतला. कडू… इतकं कडू की डोळे मिटले. तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा चावल्यासारखं. घशात गरम काहीतरी उतरलं. ते थुंकायला मी ओट्याच्या कडेपर्यंत गेलेही होते, तेवढ्यात मागून जिभेवर धूर आला. आणि तो वास मला ओळखीचा होता. कोन गावी आत्याच्या शेतावर थंडीत पोपटी लावायचे. मडक्यात वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. मडकं फोडल्यावर येणारा तो वास, ओल्या पाल्याचा आणि मातीचा. शेवटी जिभेवर काळ्या गुळाची चव राहिली. मी दुसरा घोट न विचारताच घेतला.

"हे खराब नाहीये," मी म्हणाले.

"नाहीये ना?"

"सुरुवातीला वाटतं. मग…" मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता.

"जरा थांबावं लागतं," तो हळूच म्हणाला. "बाटल्यांपुरतं बोलतोय मी."

दौलतने उरलेल्या ग्लासातलं संपवून, ताईंनी उगीचच पेट्या अडवल्या, असा निकाल दिला आणि टेम्पो भरायला गेला. मी वही उघडली, सोमवारचा शेरा खोडला आणि लिहिलं, 'चव घेतली. धूर मालाचाच आहे. शेरा चुकला.' सही केली, तारीख टाकली. इतकं सोपं असतं हे, मला माहीतच नव्हतं.

पण जीव काही थाऱ्यावर येईना. परवा रविवारी कल्याणचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत. त्याचं पाकीट घरी टेबलावर चार दिवस पडून होतं, शेऱ्याविना. माईने साडी इस्त्रीला टाकली होती. बाहेर पेट्या चढत होत्या. मी खिडकीशी गेले, परत आले, पाणी प्याले, पुन्हा खिडकीशी गेले. एकेक पेटी टेम्पोत जात होती आणि मला वाटत होतं, ही शेवटची नको, ही शेवटची नको.

निघताना तो दाराशी आला. "तुमच्या भाऊंना नमस्कार सांगा," तो म्हणाला. "म्हणावं, दारूवाला येऊन गेला."

म्हणजे त्याने मला ओळखलं होतं, आणि आठ महिने तो भाऊंना दोष देत होता. मी मान हलवली असती तर तो गेला असता. टेम्पोचं इंजिन सुरूही झालं होतं. मी चपला घालायच्या विसरून त्याच्यामागे अंगणात धावले.

"भाऊंनी नाही," मी म्हणाले. "भाऊ काहीच बोलले नव्हते. तुमच्या पाकिटावर मी लिहिलं. फोटो बघायच्या आधी लिहिलं. नंतर बघितला, आणि… नंतर बघतच राहिले. पण मी खोडलं नाही. माझी चूक होती. मला तुम्ही आवडला होतात. आजही आवडता."

एवढं एका दमात बोलून झालं. दौलत टेम्पोवर पेटी धरून तसाच थांबला होता.

श्रीनाथने शर्टाच्या खिशातून घडी केलेलं पाकीट काढलं. त्यावर माझंच लाल अक्षर होतं. भाऊंनी फोटो आणि पत्रिका परत पाठवली ती त्याच पाकिटातून… आयुष्यभर शाळेचे लिफाफे वाचवलेला माणूस, दुसरं कशाला वापरेल.

"बुधवारी तुमच्या शेऱ्याची प्रत कारखान्यात आली," तो म्हणाला. "खाली तुमची सही. दोन्हींवरचं अक्षर एकच. तोच नापसंत. साहेब म्हणाले, फोन करून मिटवा. मी म्हटलं, नको, जाऊनच येतो."

"मग भाऊंचं नाव कशाला घेतलंत?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं." त्याचा कान लाल झाला होता, तोच उजवा. "ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं, असा नेम आहे ना इथला?"

मी पाकीट टेम्पोच्या पत्र्यावर ठेवलं. पेन्सिल केसांत खोचलेली होती. 'नापसंत' वर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली.

"सही राहिली," तो म्हणाला. "आणि तारीख."

मी दोन्ही केलं. त्याने पाकीट घडी करून परत खिशात ठेवलं. उद्या मुंबईचं आटपलं की सरळ तुमच्या घरी येतो, म्हणाला. साहेबांना बिअर आवडली तर पेढे घेऊन आणि नाही आवडली तर नुसताच. टेम्पो मुंबईच्या रस्त्याकडे वळेपर्यंत मी अनवाणीच उभी होते.

घरी पोचले तेव्हा भाऊ आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. कल्याणचं पाकीट मी त्यांच्या हातात दिलं, कोरंच. म्हटलं, त्यांना उद्या सकाळीच फोन करून कळवा, येऊ नका म्हणून. भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग नाक वर करून हुंगलं. माझं नाक त्यांच्यावरच गेलंय.

"प्रमोदिनी, कसला गं हा वास?"

"धुराचा," मी म्हटलं. "पसंत आहे."