दहा तोळे मेणाला अर्धा तोळा

"हे तेल आहे की पाणी? भेसळ करता, लाज नाही वाटत?"

नगरच्या कापडबाजारातल्या अत्तराच्या दुकानात मी शिरले ती भांडतच. त्यांचंच तेल घालून घरी केलेली मेणबत्ती फळीवर आपटली, तर ती लोण्यासारखी चेपली...

दुकानातल्या पोरानं ती उचलून नाकाशी नेली. "तेल अस्सल गवती चहाचं हाय. हात तेवढा तुमचा सढळ हाय, बाई."

"बाई कुणाला म्हणता? एस्तेर नाव आहे माझं."

"आन् माजं आमोस." मेला हसला वर!

त्यानं छोटा काटा पुढं ओढून माप दाखवलं. दहा तोळे मेणाला अर्धा तोळा तेल, तेही भांडं चुलीवरून उतरवून मेण जरा निवल्यावर. "जास्ती घातलं तर मेन पीत न्हाई. घाम सुटतो त्याला, आन् जळताना नुसता धूर. पन एवढा वास कशाला पायजे?"

"नाताळासाठी," मी ठोकून दिलं.

कसला नाताळ! आईच्या छातीतली गाठ फुटली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि कितीदा फडकी बदलली तरी खोलीतला वास हटत नव्हता. चर्चमधल्या बायका पूर्वी दर रविवारी तिच्या उशाशी बसून गाणी म्हणायच्या. एकेक करत सगळ्या यायच्या थांबल्या. "एकदा माज्या खोलीत गानं हू दे गं," एवढंच आई मागत होती. लढाईच्या दिवसांत मेण कुठलं मिळायला? मी चर्चमधली थोटकं गोळा करून वितळवत होते.

मापानं केलेली मेणबत्ती सुरेख जळली. हातापाया पडून बायकांना आणलं. शेजारची छबूबाई उंबऱ्यातच बसली, नाकाला पदर लावून. एक कडवं झालं, घाईघाईनं आमेन झालं आणि सगळ्या उठल्या. आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

मी तडक दुकान गाठलं. "दुप्पट घालते आता. तिप्पट घालते!"

"मेन तेवढंच पितं, एस्तेर..."

"मग आईला तशीच मरू देऊ?" भर बाजारात मला रडू फुटलं.

त्यानं काटा बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "मला पयल्याच दिशी कळलं हुतं. तुमच्या पदराला हुता त्यो वास. नाकावरच भाकरी हाय माजी."

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तिन्हीसांजेला तो घरी आला. दाराशी थबकला नाही. सरळ आईच्या उशाशी मांडी घालून बसला आणि गायला लागला... देवा रे, काय तो आवाज! इतका बेसूर, की आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"पोरा, तुला वास येत न्हाई व्हय रं?"

"येतो की, मावशी."

"मग?"

"मग काय... तुमची पोर हितंच बसती ना."

माझ्याकडं न बघताच म्हणाला. माझे कान तापले. आई मात्र एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली.

"एस्तेर, ती मेनबत्ती इझव. उगं तेल कशाला जाळती?"

मी फुंकर मारली.

नाताळाच्या आधीच आई गेली. कबरस्तानात, मोकळ्या हवेत, बायकांनी गाणं धरलं. काय खणखणीत आवाज लागले एकेकीचे! माझ्या अंगाची नुसती आग होत होती. आमोस एकटाच गप्प उभा होता.

"तुम्ही म्हणा ना," मी कुजबुजले.

"त्येंना म्हनू दे," तो म्हणाला. "माजं म्हनून झालंय."

छबूबाईच्या देखत मी त्याचा हात धरला.